कळ किती सेकंद टिकते? एमएसमधलं चेहऱ्याचं आणि डोक्याचं दुखणं

दात घासताना ब्रश खालच्या दाढेपर्यंत जातो आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत सण्णकन कळ जाते. हात जागच्या जागी थांबतो, डोळे घट्ट मिटतात. चार-पाच सेकंद. मग काहीच नाही, जणू काही झालंच नव्हतं. तोंडात फेस तसाच असतो आणि चूळ भरायची हिंमत होत नाही, कारण पाणी हिरडीला लागलं तरी तीच कळ परत येते. एक्स-रेमध्ये दाढ ठणठणीत निघते.

दुसऱ्या कुणाचं अर्धं डोकं सकाळपासून ठणकतंय. तिसरीने डोळा फिरवला की आत खोलवर दुखतं, आणि त्या डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसू लागलाय. या तिघांनाही मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे असं धरू. तिघांच्याही घरी एकच प्रश्न विचारला जातो: हे एमएसमुळेच का? पहिल्याचं उत्तर बहुधा हो. तिसरीचं जवळजवळ नक्की हो. दुसऱ्याचं मात्र, एवढ्यावरून सांगता येत नाही.

हा फरक कळायला सगळ्यात आधी लागतं ते घड्याळ. दुखणं किती जबर आहे हे प्रत्येक जण सांगतो. ते किती वेळ टिकतं हे फार थोडे सांगतात, आणि निम्मं निदान तिथेच दडलेलं असतं.

## मुळात बिघडतं काय?

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. तिचा रोख असतो मायलिनवर. मायलिन म्हणजे मज्जातंतूवरचं चरबीयुक्त वेष्टण. ते शाबूत असलं की संदेश वेगाने आणि आपल्याच वाटेने जातो. ज्या ठिकाणी ते झडलं त्या डागाला प्लाक म्हणतात. प्लाक केवढा आहे याहून तो कुठे आहे याला जास्त महत्त्व. चुकीच्या जागचा काही मिलिमीटरचा डाग माणसाला जेवू देत नाही, आणि त्याच्या कितीतरी पट मोठा डाग दुसरीकडे वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो.

(एक खुलासा: या लेखात नस म्हणजे मज्जातंतू. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, पण इथे पुढे दोन्हींचा संबंध येणार आहे, म्हणून वेगळं ठेवलेलं बरं.)

वेष्टण झडल्यावर बधिरपणा यावा, ताकद कमी व्हावी, हे पटतं. दुखणं का यावं? एमएस हा न दुखणारा आजार आहे, असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. पण वेष्टण गेलेले तंतू नुसते मंदावत नाहीत, ते आपोआप ठिणग्याही टाकतात. शिवाय उघडे पडलेले शेजारी-शेजारी तंतू एकमेकांत संदेश गळू देतात. जुन्या लँडलाइनवर क्रॉस कनेक्शन लागायचं, तसंच. फोन केला स्पर्शाने, घंटी वाजली वेदनेच्या घरी. गालावर वाऱ्याची झुळूक येते आणि मेंदूला कळतं ते सुरी खुपसल्यासारखं.

## चेहऱ्याची एकच नस, तीन फांद्या

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला स्पर्श आणि वेदना मेंदूपर्यंत नेणारी एक मोठी नस असते: ट्रायजेमिनल. तिची वरची फांदी कपाळ आणि डोळ्याकडे जाते, मधली गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, खालची हनुवटी आणि खालच्या दातांकडे. तिच्या अशा झटक्यांच्या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कळ बहुतेकदा मधल्या किंवा खालच्या फांदीत येते. फक्त कपाळात येणं दुर्मीळ.

तिचं घड्याळ फार काटेकोर आहे. एक झटका सेकंदाच्या काही भागापासून जास्तीत जास्त दोन मिनिटांपर्यंत. विजेचा शॉक बसावा तसा, तोही एकाच बाजूला. दिवसात दोन येतील, नाहीतर दोनशे. आणि तो येतो अगदी क्षुल्लक कारणाने: बोलणं, चावणं, दाढी करणं, तोंड धुणं, टिकली लावणं, पंख्याचा वारा. चमत्कारिक गोष्ट अशी की हलका स्पर्श झटका आणतो, पण गाल चांगला दाबून धरला तर सहसा येत नाही. म्हणून ही माणसं चेहऱ्याकडे हात नेतात पण लावत नाहीत. डॉक्टर तपासायला पुढे झाला की मान मागे घेतात.

झटका येऊन गेला की बहुधा थोडा वेळ असा मिळतो की काही केलं तरी पुढचा येत नाही. जुने रुग्ण हे स्वतःच शोधून काढतात, आणि त्या सवडीत दोन घास गिळून घेतात, दात घासून घेतात.

## ‘पण दातच दुखतोय, दुसरं काय असणार?’

हा गैरसमज महागात पडतो. कळ दाढेतून निघाल्यासारखी वाटते, म्हणून आधी रूट कॅनल होतं, मग दाढ काढली जाते, मग शेजारची. कळ जागच्या जागी. ती दाढेतून निघतच नव्हती. दाढेची खबर मेंदूकडे नेणारी नस मध्येच, मेंदूत शिरताना, बिघडलेली होती.

किडलेली दाढ ठणकते. गार पाणी लागल्यावर झालेली चुणचुण मिनिटभर तरी मागे रेंगाळते, रात्री आडवं झाल्यावर वाढते, दाढेवर टकटक केलं की नेमकी तीच दाढ दुखते. न्यूराल्जियाची कळ क्षणात येते, क्षणात जाते, आणि झोपेतून उठवत नाही म्हटलं तरी चालेल. एक साधी परीक्षा आहे. दाताला हात न लावता फक्त ओठावरून किंवा नाकपुडीच्या बाजूने कापसाचा बोळा अलगद फिरवला आणि कळ आली, तर दाढ निर्दोष असण्याची शक्यता बरीच. तरीही दंतवैद्याने एकदा तपासणं आणि एक्स-रे काढणं योग्यच. अयोग्य आहे ते एक्स-रे स्वच्छ असताना दाढ उपटणं. एमएस आहे हे दंतवैद्याला आधीच सांगून ठेवावं. ते न सांगितल्याने बऱ्याच चांगल्या दाढा गेल्या आहेत.

जबड्याच्या सांध्याचं दुखणंही यात मिसळतं. ते कानासमोर असतं, तोंड उघडताना कटकट आवाज येतो, जबडा जाम होतो, आणि ते तासन्‌तास मंद दुखतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, केस विंचरताना टाळू हुळहुळली, चावता चावता जबडा भरून आला, तर ती कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. तिच्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा.

## एमएस असणाऱ्यांत वेगळं काय?

एमएस नसलेल्या माणसात या न्यूराल्जियाचं नेहमीचं कारण म्हणजे एखादी धमनी. ती नसेला मेंदूजवळ टेकते आणि दर ठोक्याला घासत राहते. नसेचा हा टप्पा मुळातच नाजूक, कारण इथेच मेंदूचं मायलिन संपतं आणि बाहेरच्या नसांचं वेगळ्या बनावटीचं मायलिन सुरू होतं. दोन वेगवेगळ्या कापडांची शिवण जिथे येते तिथेच उसवतं, तसं.

एमएसमध्ये प्लाक नेमका या शिवणीत किंवा तिच्या आत, मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागात, बसतो. कधी कधी प्लाकही असतो आणि वरून धमनीही घासत असते. म्हणजे दुहेरी मार.

सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत एमएसवाल्यांना हा न्यूराल्जिया सुमारे २० पट जास्त होतो. तरी आकडा सरळ करून सांगायचा तर शंभरातल्या दोन ते पाच जणांना. एरवी तो पन्नाशीनंतरचा आजार. एमएसमध्ये बराच आधी सुरू होतो. एरवी जवळजवळ कायम एका बाजूला. एमएसमध्ये पुढेमागे दुसरी बाजूही धरू शकते. झटक्यांच्या मधल्या वेळात मंद जळजळ चालू राहणं, गालावर बधिर पट्टा असणं, हेही इथे जास्त. बहुतेकांना ही कळ एमएस कळल्यावर काही वर्षांनी येते, थोड्यांना मात्र एमएसचं पहिलं लक्षण म्हणूनच.

मग चेहऱ्यात कळ आली म्हणजे आपल्याला एमएस झाला का? नाही. हा न्यूराल्जिया होणाऱ्या शंभरांपैकी मोजक्याच जणांना एमएस असतो. पण वय चाळिशीच्या आत, दोन्ही बाजूंना दुखणं, किंवा सोबत बधिरपणा, यांपैकी काही असेल तर एमआरआय टाळू नये. खरं तर हे निदान झालेल्या प्रत्येकाचा एकदा एमआरआय व्हावा, कारण क्वचित तिथे गाठही सापडते. फॉर्मवर ‘ब्रेन एमआरआय’ एवढंच न लिहिता ट्रायजेमिनल नस पाहायची आहे असं लिहून घ्यावं. नेहमीच्या जाड कापांत ती नस आणि तिला टेकलेली धमनी दिसेलच असं नाही, पातळ काप लागतात.

मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून खाली शॉक जातो, असंही एमएसमध्ये होतं. तो झटका मानेतल्या मज्जारज्जूच्या प्लाकचा. त्याचा आणि चेहऱ्याच्या कळेचा संबंध नाही.

## औषध वेदनेचं नाही, ठिणगीचं

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अगदी अफूवर्गातली जालीम औषधंही या कळेवर चालत नाहीत. गोळी विरघळून रक्तात पोचेपर्यंत झटका संपलेलाही असतो. लागतं ते नसेचं आपोआप पेटणं आटोक्यात ठेवणारं औषध, आणि ही औषधं मूळची फिटांची आहेत. चिठ्ठीवर फिटांचं औषध बघून घरचे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही.

पहिला मान कार्बामाझेपीनचा. १९६२ पासून ते या कळेसाठी वापरात आहे. सुरुवात साधारण १०० मिलिग्रॅमने, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. मग दर काही दिवसांनी थोडं थोडं वाढवत कळ थांबेपर्यंत. बहुतेकांना दिवसाला ६०० ते १,२०० मिलिग्रॅमच्या दरम्यान गुण येतो, काहींना त्याहून कमीत. गुण येतो तो काही दिवसांतच, आणि इतका ठळक की त्यावरून निदानाला दुजोरा मिळतो.

घोटाळे कुठे होतात ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पहिला घोटाळा म्हणजे डोस भराभर चढवणं. मग झोप येते, तोल जातो, एकाची दोन दिसतात, पाय लटपटतात. एमएसवाल्याला वाटतं एमएसचाच नवा अटॅक आला. डॉक्टरलाही वाटू शकतं, आणि विनाकारण स्टेरॉइडची सलाइन लागतात. एमएसने आधीच तोल नाजूक असलेल्यांना हे औषध इतरांपेक्षा कमी डोसात त्रास देतं. नवीन लक्षण आलं की पहिला प्रश्न: गेल्या आठवड्यात गोळी वाढवली का?

दुसरा महिन्याभराने होतो. तीन ते पाच आठवड्यांत यकृत हे औषध जास्त वेगाने मोडायला शिकतं, त्यामुळे तोच डोस रक्तात कमी भरतो आणि गेलेली कळ परत डोकावते. औषध लागू पडेनासं झालं, असा अर्थ लावून ते सोडू नये. डोसाचा फेरविचार करायची ती वेळ असते.

तिसरा सोडियमचा. रक्तातलं सोडियम घसरतं आणि मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि गंमत म्हणजे डोकेदुखीच सुरू होते. म्हणून सोडियम, रक्तपेशी आणि यकृताची तपासणी सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी करतात.

चौथा कमी जणांना होतो, पण जिवावर बेततो. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि ताबडतोब रुग्णालयात जायचं. आशियाई वंशाच्या काही गटांत एचएलए-बी*१५:०२ नावाचं जनुक आढळतं आणि ते असलेल्यांना हा धोका बराच जास्त असतो. औषधाआधी रक्ताची चाचणी करून ते शोधता येतं.

शिवाय कार्बामाझेपीन इतर औषधांचा जोर कमी करतं: गर्भनिरोधक गोळ्यांचा, आणि एमएसच्या काही औषधांचाही, उदाहरणार्थ सिपोनिमॉड. चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतील तर दोन्ही एकाच माणसाला दाखवाव्यात.

हे झेपलं नाही तर त्याचाच भाऊ ऑक्सकार्बाझेपीन. त्याचा इतर औषधांशी झगडा कमी, सोडियमचा त्रास थोडा जास्त. त्यानंतर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन. एमएसमधला स्नायूंचा ताठरपणा असेल तर बॅक्लोफेनने दोन कामं होतात. लॅमोट्रिजिन आठवड्या-आठवड्याने हळूहळूच चढवावं लागतं, नाहीतर अंगावर पुरळ येतं, म्हणून तातडीच्या वेळी त्याचा उपयोग नाही. यांतलं कुठलंही औषध एकदम बंद करायचं नाही.

कळा इतक्या वाढल्या की पाणीही जाईना, तर घरी थांबू नये. रुग्णालयात शिरेतून पाणी आणि कळ मोडणारं औषध देऊन ती साखळी तोडता येते.

## ऑपरेशनने कायमचं सुटत नाही का?

धमनी घासत असेल तर कानामागून कवटीला छोटं भोक पाडून, धमनी आणि नस यांच्यामध्ये मऊ स्पंज ठेवायचं ऑपरेशन उत्तम. पण ते धमनीचा प्रश्न सोडवतं, प्लाकचा नाही. म्हणून एमएसमध्ये त्याचं यश कमी आणि कळ परत येण्याचं प्रमाण जास्त. धमनी स्पष्ट दाबताना दिसत असेल तरच त्याचा विचार होतो.

उरतात ते नसेला मुद्दाम थोडी इजा करणारे उपाय. तोंडाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच सेंटीमीटर बाहेर गालात सुई घालतात, ती कवटीच्या तळाच्या नैसर्गिक छिद्रातून नसेच्या तिन्ही फांद्या जिथे एकत्र येतात तिथपर्यंत नेतात, आणि तिथे उष्णता देतात, किंवा छोटा फुगा मिनिटभर फुगवतात, किंवा ग्लिसरॉल सोडतात. ग्लिसरॉलचा शोध स्टॉकहोममध्ये अपघाताने लागला. नसेची जागा एक्स-रेवर दिसावी म्हणून टँटलम धातूची पूड ग्लिसरॉलमध्ये मिसळून सोडत होते. पुढचा उपचार व्हायच्या आतच रुग्णांची कळ थांबलेली दिसली. १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चौथा मार्ग गॅमा नाइफ: चिरफाड नाही, किरणोत्सर्ग बाहेरून नसेच्या मुळावर एकवटतात. त्याचा गुण दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून आज तडफडणाऱ्याला तो पुरेसा नाही.

या सगळ्यांची किंमत म्हणजे बधिरपणा. गाल बधिर झाला तर चालतो, आत चावलं जातं तेवढी काळजी घ्यायची. वरची फांदी बधिर झाली तर डोळ्यात गेलेला कण कळत नाही आणि बुबुळावर जखम होते. अशा वेळी रोज आरशात डोळा पाहायचा, लाल दिसला की नेत्रतज्ज्ञाकडे. फुग्यानंतर काही काळ त्या बाजूने चावायला जोर लागत नाही, तो बहुधा परत येतो. एमएसमध्ये काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उपाय पुन्हा करावा लागण्याची शक्यता बरीच. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला ऑपरेशन फसल्यासारखं वाटतं. माझ्या मते सहमतीच्या कागदावर सही घेण्याआधी सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यावर जायला हवा.

## डोळा फिरवला की दुखतं

इथे घड्याळ सेकंदांचं नाही, दिवसांचं. डोळ्याच्या नसेला सूज आली (ऑप्टिक न्यूरायटिस) की डोळ्यामागे दुखतं, नजर फिरवताना जास्त, आणि काही तासांत-दिवसांत नजर धूसर होते. दहांतल्या नऊ जणांना यात दुखतंच. बाहेरून डोळा पांढरा, स्वच्छ, त्यामुळे चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दिवस जातात. घरी करता येईल अशी परीक्षा: बाटलीचं लाल झाकण एकेक डोळा झाकून पाहा. एका डोळ्याला ते विटकरी किंवा फिकट दिसलं तर दोनेक दिवसांत नेत्रतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट गाठायला हवा. दोन्ही डोळे एकदम गेले तर एमएसपेक्षा वेगळ्या आजाराचा संशय घेतात आणि त्याच्या रक्तचाचण्या वेगळ्या.

दुखणं दोनेक आठवड्यांत शमतं, नजर त्यानंतर हळूहळू परतते. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, यामुळे ती लवकर परतते. शेवटी किती परतते यात मात्र फारसा फरक पडत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत साध्या डोसाच्या प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा आजार पुन्हा होण्याचं प्रमाण उलट जास्त दिसलं. तेव्हा घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यासाठी काढू नयेत.

## आणि साधी डोकेदुखी?

एमएस असणाऱ्यांना डोकेदुखी, विशेषतः अर्धशिशी, इतरांपेक्षा जास्त दिसते. पण अर्धशिशी मुळातच साऱ्या जगात साधारण सात माणसांत एकाला आहे, आणि ती तरुण बायकांत जास्त. एमएसही तिथेच जास्त. दोन आजार एकाच माणसात भेटणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. मेंदूच्या मांसाला स्वतःची वेदना कळत नाही, ती कळते आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. त्यामुळे ‘डोकं दुखलं म्हणजे तिथे नवा प्लाक झाला’ हे गणित चुकीचं आहे. मेंदूच्या देठात वेदना दाबणारं जे केंद्र आहे त्याच्याजवळच्या प्लाकचा अर्धशिशीशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण नेहमीच्या डोकेदुखीला अटॅक समजायचं कारण नाही.

घड्याळ पुन्हा काढा. अर्धशिशी ४ ते ७२ तास: ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा, अंधारात पडून राहावंसं वाटणं. ताणाची डोकेदुखी अर्ध्या तासापासून आठवडाभर: डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी, पण कामं चालू राहतात. एमएसमध्ये हिला खतपाणी घालणारं बरंच काही असतं: ताठरलेले मानेचे स्नायू, तुटलेली झोप, रात्री लघवीला उठणं, नैराश्य. डोळ्याभोवती १५ मिनिटं ते तीन तास असह्य दुखून त्याच डोळ्यातून पाणी येत असेल आणि माणूस येरझाऱ्या घालत असेल, तर ती क्लस्टर डोकेदुखी, चौथीच गोष्ट.

उपचार इतरांसारखेच, फक्त निवड करताना एमएसकडे बघायचं. प्रोप्रानोलॉल अर्धशिशीसाठी चांगलं, पण फिंगोलिमॉड, सिपोनिमॉड या वर्गातल्या गोळ्या हृदयाची गती कमी करतात. दोन्ही एकत्र तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात आणि शब्द सुचत नाहीत. एमएसवाल्याला त्यातलं औषधाचं काय आणि आजाराचं काय हे कळेनासं होतं. रात्री १० मिलिग्रॅमपासून अमिट्रिप्टिलीन झोपेलाही मदत करतं आणि लघवीची घाई कमी करतं, पण लघवी आधीच तुंबत असेल तर ते नको.

## ‘एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आलेत’

डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘पांढरे ठिपके’ वाचून रात्रीची झोप उडते. नुसत्या अर्धशिशीतही असे ठिपके दिसतात, उच्च रक्तदाबात आणि वयानुसारही. एमएसचे डाग काही ठरावीक जागी बसतात: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना खेटून, सालीला खेटून, देठात, मज्जारज्जूत. अर्धशिशीचे ठिपके बहुधा छोटे आणि मधल्या पांढऱ्या भागात विखुरलेले. एमएसचं निदान चुकीने झालेल्या लोकांचा अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात ११० पैकी सर्वाधिक जणांचा खरा आजार अर्धशिशी निघाला. एमएसची लक्षणं कधीच नसतील आणि फक्त ठिपके असतील, तर वर्षानुवर्षांची इंजेक्शनं सुरू करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला फिल्म दाखवावी. रिपोर्टचा कागद नव्हे, फिल्म.

## उपचारांतून आलेली डोकेदुखी

इंटरफेरॉन या एमएसच्या औषधाच्या इंजेक्शननंतर काही तासांनी फ्लूसारखं अंग मोडून येतं, डोकं दुखतं, दिवसभरात उतरतं. इंजेक्शन झोपताना, आणि त्याआधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन. पहिल्या काही महिन्यांनंतर त्रास कमी होतो.

निदानासाठी पाठीतून पाणी काढलं असेल तर पुढच्या पाच दिवसांतली डोकेदुखी ओळखायला सोपी: उठून बसलं की चढते, आडवं झालं की उतरते. पूर्वी चोवीस तास सपाट झोपवून ठेवायचे. त्याने ती टळत नाही. बोथट टोकाची सुई वापरली तर टळण्याची शक्यता वाढते. हटलीच नाही तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी बाहेरून सोडून गळती बुजवतात.

तिसरी स्वतः ओढवून घेतलेली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) आणि मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी बनवू लागते. गोळ्यांची रिकामी पाकिटं महिनाभर एका डब्यात टाकत जा. आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो.

## थांबायचं नाही अशा वेळा

क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान आखडणं. फिंगोलिमॉडसारखं रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर ताप सौम्य असला तरी, कारण मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा संसर्ग असाच हळू सुरू होतो. अलेमट्युझुमॅब या एमएसच्या औषधाचं सलाइन झाल्यापासून पुढच्या काही दिवसांतली अचानक डोकेदुखी, मान दुखणं किंवा तोंड वाकडं होणं. त्यात पक्षाघाताची आणि मानेतली धमनी चिरण्याची नोंद आहे. नॅटलिझुमॅब हे एमएसचं औषध चालू असताना वागण्यात बदल, बोलण्यात घोटाळा, एका बाजूची कमजोरी दिवसेंदिवस वाढत जाणं. यांत तातडीच्या विभागात जायचं, आणि जाताना खिशात एक चिठ्ठी हवी: एमएसचं औषध कोणतं, शेवटचा डोस कोणत्या तारखेला, कार्बामाझेपीनसारखी गोळी चालू असेल तर तिचे मिलिग्रॅम. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे तोंडी सांगायची वेळ आली की नाव आठवत नाही, ‘ती महिन्याची सलाइन’ एवढंच आठवतं.